शेवटून एकशेतिसावी

शाळेच्या मोठ्या बाईंनी सत्कारात मिळालेली ढाल तपासणीला आलेल्या साहेबांच्या टाळक्यात घातली, ही बातमी दुपारपर्यंत गल्लीभर झाली. संध्याकाळी तर साहेबांचे टाके मोजून आलेले दोघेजण भेटले. खरी गोष्ट एवढीच, की मुलींच्या स्वच्छतागृहाची कडी तीन वर्षांपासून तुटलेली. कडीसाठी तीन अर्ज गेले, कडी काही आली नाही. ढाल मात्र पितळेची, चांगली जड. आतून दाराला लावली की दार हलत नाही. साहेबांनी पाहणीत दार ढकललं, ढाल खणकन आडवी झाली. साहेबांच्या टाळक्यात गेला तो फक्त राग.

ती ढाल मिळाली कशी, तेही ऐकण्यासारखं आहे. दरवर्षी एक परीक्षा होते आणि राज्यातल्या सगळ्या सरकारी शाळांची क्रमाने यादी लागते. शेवटच्या शंभर शाळांना मदत मिळते. बाईंची शाळा शेवटून चौथी. तिथलीच पोरं तेवढी ढ होती असं नाही. बाकीच्या शाळांत परीक्षेच्या आदल्या दिवशी कच्च्या पोरांच्या पाठीवरून हात फिरवून सांगायची रीत होती, "उद्या नाही आलास तरी चालेल हं." बाई उलट्या खोपडीच्या. परीक्षेच्या सकाळी चपला सरकवून त्या घरोघर फिरत आणि खोकणारी, झोपलेली, लपलेली सगळी पोरं गोळा करून आणत. एकीला तर कडेवरच्या भावासकट आणलं. बाईंचे यजमान म्हणायचे, "तू यादी चढायला निघतेस की खड्डा खणायला?"

शेवटून चौथं येण्याचा एकच फायदा झाला, मदतीत वाचनताई आली. पोरगी अबोल, पण चिकट. मागच्या ओसरीत मागे पडलेल्या पोरांना घेऊन बसायची ती उठायचीच नाही. दोन वर्षांत, स्वतःचं नाव लिहिताना घाम फुटणारी पाचवीतली एक मुलगी फिनेलच्या बाटलीवरची सूचना वाचून सफाईवाल्या मावशींना दरडावू लागली, "हातमोजे घालून वापरा."

मावशी बाईंना म्हणाल्या, "हिला वाचायला शिकवलंत, बरं झालं. आता मला हातमोजे पण द्या."

त्या वर्षी शाळा शेवटून एकशेतिसावी आली. सत्कार झाला, ढाल मिळाली, बाईंचा फोटो निघाला. पुढच्याच सोमवारी पत्र: आपली शाळा सुधारली आहे, सबब मदत बंद. पोहायला शिकणाऱ्याचे दोन हात नीट पडले, म्हणून त्याच्या पोटाखालचा हात काढून घेतात, तशी वाचनताई दुसरीकडे गेली. ओसरीत नवी अकरा पोरं बाराखडीत अर्ध्यावर राहिली. बाईंनी कचेरीचे उंबरठे झिजवले. उत्तर ठरलेलं, "तुम्ही आता सुधारलेल्यांत."

तर ढाल आडवी झाल्यावर साहेब बाईंच्या खोलीत येऊन बसले. चहा पोटात गेला तसा राग उतरला. माणूस वाईट नव्हता. त्याच्याही डोक्यावर कुणीतरी यादी घेऊन बसलेलं होतं.

"बाई, ती ढाल कपाटात ठेवा. शोभत नाही. आणि वाचनताई परत हवी ना तुम्हाला? सोपं आहे."

"कसं?"

"परीक्षेच्या दिवशी तुमची हुशार आठ-दहा पोरं घरी राहू द्या. नंबर आपोआप घसरेल. शंभरात आलात, की कागदावर मीच सही करतो."

हजेरीपट समोर उघडाच होता. बाईंचं बोट एका नावावर थांबलं, दुसऱ्यावर, मग फिनेलवालीच्या नावावर. ओसरीतून एकच ओळ पुन्हा पुन्हा अडखळत वाचल्याचा आवाज येत होता, आणि दुरुस्त करायला तिथे कुणी नव्हतं. बाईंनी हजेरीपट मिटला.

"साहेब, पोरं घरी बसवायची असती, तर कच्ची बसवून पहिला नंबर मी कधीच आणला असता. ढाल ठेवते कपाटात. तुम्ही आधी कडी पाठवा."