गोदाबाईंची ओली फरशी

जमिनीखालून घर तापवतात, हे गोदाबाईंनी सांगितलं तेव्हा गावात कुणाचाच विश्वास बसला नाही. "थंडी कुठं हाय एवढी पुण्यात?" दीर हिंमतराव म्हणाले. "त्यापरीस दोन गोधड्या घ्या म्हणावं."

पण खडकवासल्याच्या मागच्या टेकडीवर, जिथं विजेचा खांब अजून पोचला नव्हता, तिथं कर्वेनगरच्या प्रियदर्शनी मॅडमनी असं घर बांधलं होतं खरं. नवरा-बायको दोघंही आयटीतले, तीन वर्षं जर्मनीत राहून आलेले. छतावर सोलर, जिन्याखाली बॅटऱ्या, फरशीखाली तापणाऱ्या तारा. कधीही आलो तरी पायाला ऊब लागली पाहिजे, म्हणून हिवाळाभर तारा चालू. येणं मात्र वर्षातून चार-पाच शनिवार.

गोदाबाई तिथं देखरेखीला रोज चढून यायच्या. साठी उलटलेली, नवरा सर्जेराव जाऊन अकरा वर्षं झालेली, लेक वाघोलीला, तिचा फोन सणावारी. ही टेकडी त्यांच्या सासरचीच, हिंमतरावांनी विकली. मॅडमचा हॉल आहे तिथं पूर्वी खळं होतं. मळणीआधी गोदाबाई ते पाणी मारून, चोपून, सारवून घ्यायच्या. आता तिथली गुळगुळीत फरशी सकाळ-संध्याकाळ विहिरीच्या गार पाण्यानं पुसल्याशिवाय त्यांना चैन पडत नसे. पुसता पुसता बोलायच्या. "हितं धोंडिबा गडी बैल हाकायचा. हितं सासूबाई सूप घेऊन बसायच्या." ऐकायला कुणी नसायचं, पण रिकाम्या हॉलात आवाज घुमायचा. तेवढंच बरं वाटायचं.

डिसेंबरात बॅटऱ्या पार उतरल्या. तिसऱ्यांदा. फ्रिज बंद, पंप बंद, आणि मॅडम नेमक्या पाहुणे घेऊन आलेल्या. दुसऱ्या दिवशी फोन आला.

"मावशी, सोलरवाला पाठवतेय. पण आता पुन्हा असं झालं ना, तर मी ते घर विकून मोकळी होणार. वैताग आलाय मला."

"बरं, ताई," गोदाबाई म्हणाल्या. त्या दिवशी त्यांना भाकरी गेली नाही. घर विकलं, की नवा मालक आपल्याला कशाला दारात उभं करील?

सोलरवाला म्हणजे उत्तरेश्वर, बार्शीकडचा, चाळिशीचा माणूस. लॅपटॉप उघडून बराच वेळ बघत बसला.

"मावशी, सकाळी सातला आणि संध्याकाळी पाचला इथं काय होतं?"

"काय व्हायचंय? मी असते."

"काय करता?"

"फरशी पुसते."

"किती पाणी?"

"चार बादल्या. गार. विहिरीचं."

"राहतं कोण इथं?"

"कुणी न्हाई."

"मग घाण कोण करतं?"

गोदाबाईंनी जरा विचार केला. "घाण न्हाई होत तशी."

उत्तरेश्वर हसला, आणि मग त्यांच्याकडं बघून हसायचा थांबला.

"तुम्ही फरशी गार करता. भिंतीवरच्या मशीनला वाटतं, थंडी पडली. ते तापवायला लागतं. पाणी वाळेस्तोवर तापवतच राहतं. दिवसभर तुमचं आणि त्याचं भांडण, आणि जीव जातोय बॅटरीचा."

"मग?"

"पुसू नका. तारा मी फक्त दुपारी चालू ठेवतो, उन्हाच्या भरात. खालचा थर जाड आहे, सकाळपर्यंत ऊब धरतो."

"झाडू तरी मारू?"

"मारा की."

झाडू मारायला दहा मिनिटं लागायची. मग गोदाबाई उभ्या राहायच्या. रिकाम्या हातानं बोलायचं कसं? वेड्यागत वाटायचं. तिसऱ्या दिवशी त्यांनी सवयीनं बादली भरली, उंबऱ्यापर्यंत आणली, आणि तशीच नेऊन तगरीच्या बुडाशी ओतली. नंतर बादलीला हात लावला नाही. जाताना तेवढा बॅटरीवरचा आकडा बघायच्या. तो रोज चढत होता.

संक्रांत झाली आणि मॅडमचा फोन आला. गोदाबाई हॉलातच होत्या.

"मावशी, कमाल केलीत हो तुम्ही! बॅटऱ्या फुल आहेत. घर अगदी आपोआप चालतंय."

"म्हंजे, विकणार न्हाई?"

"छे, आता कशाला विकू?"

गोदाबाई हसल्या. कितीतरी दिवसांनी.

"आणि ऐका ना, आता रोजचा चढ कशाला तुम्हाला? गुडघे दुखतात. रविवारी एकदा आलात तरी पुरे. पगार तोच राहील, काळजी करू नका."

गोदाबाई खाली फरशीकडं बघत होत्या.

"मावशी? ऐकू येतंय ना?"

"येतंय."

"मग रविवारी."

"किती वाजता येऊ?"

"कधीही या हो. कोण असतं तिथं?"

फोन बंद झाला. गोदाबाईंनी दार ओढून घेतलं आणि टेकडी उतरायला लागल्या. वार मंगळवार होता.