ढिला मास्क

लातूरच्या एका कॅन्सर दवाखान्यात किरणांचा हिशेब बसवणं ही माझी नोकरी. देवणीकडच्या एका शेतकऱ्याच्या गळ्यात गाठ होती. उपचार चालू असताना तो वाळला आणि किरणं देताना डोकं हलू नये म्हणून त्याच्या मापानं बनवलेला जाळीचा मास्क चेहऱ्यावर ढिला पडला. “मास्क बसत नाही. उद्या या, नवा स्कॅन काढू,” मी म्हणालो.

जुना स्कॅन ताणूनतुणून नव्यावर बसवणारा एक प्रोग्राम आमच्याकडं आहे. तो खरं बोलतोय का, हे मी तपासायचं. त्या प्रोग्रामला लाज म्हणून नाही. भेंडीवर वांगं बसवा म्हटलं तरी बसवेल. दुसऱ्या दिवशी नवा स्कॅन माझ्या पडद्यावर आला: मास्क घट्ट, जुळणी झकास, गाठ गायब. मी हरखलो. मग दिसलं, उपचाराआधी काढलेली दाढ परत उगवली होती!

तसाच बाहेर धावलो. पेशंट बाकावर निवांत बसलेला. शेजारी त्याचा धाकटा भाऊ, गालांवर जाळीचे ताजे वळ.

“तुमीच म्हणलात, मास्क बसंना,” पेशंट म्हणाला. “ह्याला बराबर बसतो.”

“अहो, पण गाठ तुमच्या गळ्यात आहे!” मी ओरडलो.

धाकट्यानं मलाच समजावलं, “आमची अजून वाटणी झाली न्हाई, साहेब.”