वडिलांच्या पानावरचा कोल्हा

मंदीत दुबईतल्या क्रेन जागच्या जागी थिजल्या, त्या वर्षी आमच्या उम्म अल कुवैनमधल्या बारा व्हिलांच्या रांगेत दोनच घरांत माणसं उरली. एकात मी, दुसऱ्यात रत्नागिरीच्या भाभी, त्यांचे मिस्टर आणि चार वर्षांची मुलगी. बाकीचे इतक्या घाईनं गेले की एकाचे शर्ट दोरीवर वर्षभर वाळत होते. बायको आणि मुलगी पुण्याला गेल्या. मला हमरिया बंदरातली नोकरी उरली आणि सहा खुर्च्यांचं टेबल. मी रोज वेगळ्या खुर्चीवर जेवायचो. उगाच कुणाला वाईट वाटायला नको.

पितृपक्षात वडिलांच्या तिथीला मी स्वतः रांधलं. एक वडा हातातून पडला तर फरशीला तडा गेला! मागच्या कुंपणाशी पान ठेवलं आणि कावळ्याची वाट बघत बसलो. कावळेही बहुधा व्हिसा रद्द करून गेले होते. दिवस मावळला, मगरीबची अजान झाली आणि वाळूतून कोल्हा आला. कान एवढे, की एका कानानं शारजा ऐकत असावा आणि दुसऱ्यानं रास अल खैमा. त्यानं वडे बाजूला सारले, खीर चाटली आणि मान खाली ठेवून वर पाहिलं. आमटीत मीठ कमी पडलं की वडील चष्म्यावरून पाहायचे, अगदी तस्संच. मी हात जोडले.

तिथी वर्षातून एकदा येते. मी ती रोज आणली.

"जेवायला सोबत मिळालीय," मी फोनवर बायकोला म्हणालो. "तांबूस केस, चाल झकास."

"शेपटी आहे का?" तिनं विचारलं. बाईला काही लपत नाही.

कोल्हा आधी कुंपणाशी यायचा, मग अंगणात, मग थेट पायरीवर. महिन्याभरानं एका संध्याकाळी तो शेजारी गेला आणि मुलीच्या हातातला खुबूस हिसकावून पळाला. तिच्या बोटावर ओरखडा उठला. भाभी तिला कडेवर घेऊन माझ्या दारात.

"भाऊ, दात लागला असता तर? माणसाच्या हातात जेवण असतं, हे त्याला कुणी शिकवलं?"

"भाभी, मला वाटलं, माझे वडील..."

"तुमचे अब्बा माझ्या पोरीच्या हातातली रोटी हिसकावतील?"

मी पायरीवरचं पान उचललं.

"मी तक्रार केली तर पिंजरा येईल. तुम्ही आणलात, तुम्हीच हाकला. खलास!"

"अंकल, ही इज हंग्री," पोरगी म्हणाली.

दुसऱ्या दिवशी पान ठेवलं नाही. कचऱ्याच्या डब्यावर वीट ठेवली आणि स्टीलचं ताट, पळी घेऊन पायरीवर उभा राहिलो. तो आला, आपल्या जागी बसला. मी ताट बडवलं. त्याला वाटलं, जेवायला हाक मारतोय. दोन पावलं पुढेच आला. मग मी असा ओरडत धावलो की हमरियातली जहाजं नांगर उचलून निघाली असतील. टेकाडापाशी थांबून त्यानं एकदाच मागे पाहिलं, चष्म्यावरून. मी पुन्हा ताट बडवलं.

चौथ्या दिवशी तो लांबूनच वळला. नंतर आला नाही.

भाभींची मुलगी अंगणात खेळू लागली. संध्याकाळी मी पोचे पडलेलं ताट मांडीवर घेऊन, टेकाडाकडे तोंड करून पायरीवर बसायचो. कोल्हा आला तर वाजवायला, असं भाभींना सांगितलं होतं.