भिंग महागलं त्या वर्षाची छबी

कर्जतला स्टेशनाजवळच्या एका खोलीत मी फोटोचा धंदा मांडला तेव्हा लोक मला वेडा म्हणायचे, आणि त्यांचं फार चुकत नव्हतं. क्यामेऱ्याची लाकडी पेटी गावचा सुतार दुरुस्त करून देई, तिपाई मी स्वतःच ठोकली होती, पण पुढच्या पितळी नळीतलं भिंग विलायतेहून यायचं. त्याला दुसरा इलाज नव्हता. एका पावसाळ्यात त्या भिंगाला आतून बुरशी धरली. आमच्या हवेत वहाणांना धरते, पापडांना धरते, तशीच. नळी उघडून पुसायला गेलो, काच निसटली आणि फरशीवर तिचे तुकडे झाले. त्या दिवशी मी जेवलो नाही आणि घरात कुणाला सुखानं जेवू दिलं नाही. माझा स्वभावच तसला.

नेमकी त्याच आठवड्यात पोशीरची एक बाई दारात आली. विधवा, भातशेती करणारी. तिचा एकुलता एक मुलगा घाटात रेल्वेच्या रुळांवर काम करायचा. आफ्रिकेत नवी लाईन टाकायला माणसं नेत होते, त्यात यानं नाव दिलेलं. भात कापून झालं की बोटीत बसणार होता.

"पोराची छबी काडून द्या, दादा," ती म्हणाली. "माजा मालक साथीत गेला. त्याचा आवाज ध्यानात हाय, चाल ध्यानात हाय, पन तोंड काय केल्या डोळ्यापुढं येत नाय. पोराचं तसं व्हाया नको."

भिंग फुटलंय हे तिला सांगायला माझी जीभ रेटली नाही. काढू म्हटलं, आणि दुसऱ्या दिवशी मुंबई गाठली.

दुकानदारानं भाव सांगितला. मी म्हटलं, पुन्हा सांगा. त्यानं पुन्हा सांगितला, तोच. विलायतेच्या सोन्यापुढं आपला चांदीचा रुपया पडलाय म्हणे, आणि तिकडच्या कारखान्यांनीही दर चढवलेत. दुकानात आम्ही चार-पाच फोटोवाले होतो. पुण्याचा एक म्हणाला, आपणही दर वाढवू, गिऱ्हाईक जातंय कुठं. दुसरा कपाटातल्या भिंगाकडं ठरलेलं लग्न मोडल्यासारखा बघत बसला. तिसऱ्यानं तिथल्या तिथं धंदा सोडून किराणा घालायचं ठरवलं. मी दुकानदाराशी कडाकडा भांडलो. भांडून भाव उतरत नाही हे ठाऊक असतानाही भांडलो.

खोपोलीचे एक म्हातारे मुसलमान फोटोवाले मात्र बाजूला बसून हसत होते. आम्ही सगळे त्यांना चाचा म्हणायचो. त्यांनी मला दंडाला धरून बाहेर काढलं.

"भिंग महागलं रं," म्हणाले, "उजेड नाय महागला. चल माझ्यासंगं खोपोलीला."

खोपोलीत त्यांनी मला एका खोलीत उभं केलं आणि दारं-खिडक्या लावून घेतल्या. फटींत चिंध्या कोंबल्या. खिडकीच्या फळीवर पत्र्याचा तुकडा ठोकलेला होता आणि त्याला सुईच्या टोकानं पाडलेलं एक भोक. थोडा वेळ काहीच दिसेना. मी चिडून काहीतरी बोलणार, तेवढ्यात समोरच्या पांढऱ्या भिंतीवर रस्ता उगवला. उलटा. बैल छताकडं पाय करून चालले होते. एक बाई डोईवर हंडा घेऊन गेली, पाय वर, हंडा खाली, आणि हंड्यातलं पाणी काही सांडेना. भिंग नाही, काच नाही, एवढंसं भोक, आणि अख्खी खोपोली त्यातून आत आलेली. इतकी वर्षं मी फोटो काढत होतो, पण उजेड म्हणजे काय चीज आहे ते मला त्या अंधाऱ्या खोलीत कळलं.

"ह्यातनं उजेड थोडा येतो," चाचा म्हणाले. "म्हणून माणसानं लय वेळ गप बसाया पायजे. हललं की गेलं."

मी पेटीला भिंगाच्या जागी तसलाच पत्रा बसवला आणि भात कापून झाल्यावर पोशीरला गेलो. मुलाला अंगणात सावलीला स्टुलावर बसवलं. धिप्पाड गडी, पण चुळबुळ्या. घडीत मान खाजवी, घडीत कोंबड्यांना हुसकी. गिऱ्हाइकाचं डोकं मागून धरायला माझ्याकडं एक लोखंडी आकडा होता, पण तो एवढ्या लांब कोण वाहून आणतो? शेवटी मी त्याच्या आईला म्हटलं, बाई, तुम्हीच उभ्या राहा शेजारी आणि दाबून धरा याला.

तिनं त्याच्या खांद्यावर हात ठेवला. म्हणाली, "हलू नको रं. मी हाय."

मी भोकावरचं झाकण काढलं आणि वेळ मोजायला मनातल्या मनात एक आरती सावकाश म्हणून घेतली. पोरगा खरंच दगडासारखा बसला.

घरी येऊन पेटीतली, छबी उमटते ती मसाल्याची काच धुतली आणि बघतच राहिलो. मुलाची भुवईनभुवई आली होती. अंगणातल्या कोंबड्या मात्र कुठंच नव्हत्या, इकडंतिकडं फिरणारं सगळं पुसून गेलेलं. आणि आईच्या चेहऱ्याच्या जागी नुसता धुरकट ढग. ती क्यामेऱ्याकडं बघतच नव्हती, सारा वेळ ती मान वळवून वळवून पोराकडं बघत होती. काच ठेवून घेतली, तिच्यावरून छबी कागदावर उतरवून पोशीरला नेली आणि तिला म्हटलं, तुमचा चेहरा गेला, पुन्हा काढू. ती छातीशी छबी धरून हसली.

"माजा कशाला? मी हाय की हितंच."

पुढं मी कसंबसं भिंग घेतलं. भाव काही खाली आला नव्हता, आम्हीच त्याला सरावलो. बऱ्याच वर्षांनी कानशिलं पिकलेला एक माणूस दुकानात आला. तोच तो. आफ्रिकेतून परतला तेव्हा आई जाऊन दोन पावसाळे झाले होते. छबी तिच्याबरोबर चितेवर ठेवली होती, तिनं तसं सांगूनच ठेवलं होतं.

"काका, तिची एकादी छबी हाय का? म्हंजे तोंड दिसंल अशी?"

मी जुनी काच शोधून उजेडासमोर धरली. तोच ढग. त्या क्षणी त्या विलायती भावाला मी मनातून काय काय शिव्या दिल्या ते लिहिण्याजोगं नाही. भिंग असतं तर क्षणात काम झालं असतं आणि तिचा चेहरा उतरला असता. मी काच खाली ठेवायला लागलो तर त्यानं माझं मनगट धरलं.

काचेत त्याच्या खांद्यावर तिचा हात होता. चेहरा विरलेला, पदर विरलेला, पण हात नाही. अंगठ्यावरचा विळ्याचा जुना वण, वाकडी करंगळी, नखांतली शेतातली माती, सगळं जसंच्या तसं. इतकी वर्षं काच माझ्याकडं होती आणि मला तो हात दिसलाच नव्हता.

मग आपला हात त्यानं आपल्या खांद्यावर नेला, बरोबर त्याच जागी.

"मी हललो नाय, काका," तो म्हणाला. "तिचा हात व्हता म्हून."