शांताबाईंची मशीन आणि गल्लीचे चष्मे

"शांताबाईंनी मशीन विकली म्हनं! आता डोळ्यानंच पार..."

एवढंच ऐकू आलं आणि माझ्या कुकरची शिट्टी झाली. गॅस बंद करून भिंतीपाशी परत येते तर बोलणाऱ्या दोघी गायब! अर्धी बातमी मला पचत नाही, छातीत जळजळतं.

शांताबाई म्हणजे आमच्या नांदेडच्या गल्लीत ब्लाउज शिवणाऱ्या. नवरा गेल्यापासून घर त्या मशीनवरच चालतं. त्यात उमरीच्या एका लग्नघरची सगळी ब्लाउजं त्यांच्याकडे यायची होती. "बाईला दिसत नाही" एवढं नवरीच्या आईच्या कानावर गेलं, की ऑर्डर थेट बुटिकमध्ये!

माझं हिरवं ब्लाउजही त्यांनीच शिवलेलं. मी ज्याला त्याला खांदा पुढं करून सांगते, "बघा, शिलाई दिसतच न्हाई!"

मग चष्मा लावायला काय झालं, असं तुम्ही म्हणाल. तुम्ही आमची गल्ली पाहिली नाही! इथं कुणाला चाळिशी लागलेलीच नाही. फक्त मोबाईल बघताना सगळ्यांचे हात लांब होतात. एकेक किस्से असे साठलेत की पोतं भरावं.

*

आमच्या ह्यांचंच घ्या. ह्यांनी ऑनलाइन चष्मा मागवला, एकावर दोन फ्री. तिथं वय विचारलं, कारण वयावरून नंबर सुचवतात म्हणे. ह्यांनी टाकलं, चाळीस.

"अहो, छप्पन्न ना?"

"त्याला काय दिसून राहिलंय का मी!"

पार्सल आलं. चाळीसवाल्याला दिसावं तेवढंच ह्यांना दिसायला लागलं, म्हणजे काहीच नाही. पण माणूस हार मानणारा नव्हे. आता पेपर वाचताना हे एकावर एक दोन चष्मे लावतात. पंचांग असेल तर तिसरा!

*

समोरचे बापूमामा तर बाजारातल्या चष्मेवाल्यालाच भारी पडले. त्यांची शेती लोह्याकडं. तिथल्या आठवडी बाजारात पुठ्ठ्याला चष्मे अडकवून एकजण बसतो. त्यानं पेपरचा तुकडा पुढं केला.

"पेपर ठेव तिकडं. त्यात काय लिहिलंय ते मला न बघता म्हायती हाय!"

मामांनी खिशातून बियाण्याची रिकामी पिशवी काढली. तिच्यावर मागच्या बाजूला मुंगीच्या पायाएवढी अक्षरं. एक चष्मा लावला, नाही. दुसरा लावला, नाही. तिसरा लावला आणि मामा मोठ्यानं वाचायला लागले, "बियाणे न उगवल्यास कंपनी जबाबदार राहणार नाही."

मामांनी चष्मा काढला, पुसला, परत लावला, परत वाचलं. मग उतरवून त्याच्या हातात दिला.

"हा नगं. ज्यात हे दिसत न्हाई, तसला दाखव!"

*

लातूरच्या आमच्या विमलवन्सं माझ्याकडं हळदीकुंकवाला लाल फ्रेमचा चष्मा लावून आल्या. मॉलमधला! डाव्या काचेवर नंबरचं गोल स्टिकर तसंच.

मी म्हटलं, "वन्सं, ते काढा की. एका डोळ्यानं बघून राहिलात!"

"काढायचं कामून? मग नवा हाय हे कसं कळंल?"

त्यांच्या सोफ्यावरचं प्लास्टिक अजून निघालेलं नाही, तेव्हा स्टिकरचा विषय मी तिथंच सोडला. त्या दिवशी हळदीकुंकू लावायचं काम मी वन्संना दिलं, तर अर्ध्या बायकांना त्यांनी लावलंच नाही. सगळ्या डाव्या हाताला बसलेल्या!

*

तर शांताबाई. दोन दिवस कळ काढली, तिसऱ्या दिवशी राहवेना. पिशवीत बाजारातले चार चष्मे टाकले, वर विरजणासाठी रिकामी वाटी ठेवली आणि निघाले.

दार नुसतं लोटलेलं. आत पाहते तर जुनी काळी पायमशीन जागेवर नाही! मग दिसलं, तिथं नवी मोटरची मशीन, वर बल्ब. आणि शांताबाईंच्या नाकावर चष्मा! मला बघताच त्यांनी तो पदराखाली घातला.

"आवं लपवता कामून? मीच तुमच्यासाठी आणून राहिले!"

शांताबाई आधी दचकल्या, मग हसल्या. "जुनी देऊन ही घेतली, ताई. डोळ्यानं खरंच दिसंना झालं व्हतं. पन इथल्या बाजारात चष्मा घेतला असता, तर दुपारपर्यंत तुमच्या कानावर गेलं असतं!"

मला जरा रागच आला. दुपारपर्यंत? मला दहालाच कळलं असतं!

म्हणून बाई रेल्वेत बसून मुदखेडला गेल्या. तिथं ओळखीचं कुणी नाही. वय सांगितलं नाही, पेपर वाचला नाही. सोबत सुई-दोरा नेला होता. ज्या चष्म्यातून दोरा ओवला गेला, तो घेऊन आल्या.

म्हणजे बातमी अर्धी खरी होती. मशीन गेली होती. डोळे जाऊन परत आले होते.

"बघू तरी," म्हणत मी तो चष्मा लावला आणि कौतुकानं स्वतःच्या खांद्याकडं पाहिलं.

हिरव्या ब्लाउजवर निळा दोरा! तोही सरळ नाही, घाटातल्या रस्त्यासारखा.

शांताबाईंनी मान खाली घातली. "ते चष्म्याच्या आधीचं हाय. कवापासून सांगायचं व्हतं. पन तुम्ही गल्लीभर तारीफ करून राहिल्या, मग तोंडच उघडंना."

मी काही बोलणार, तेवढ्यात दारात ऑटो थांबला. उमरीची नवरीची आई! हातात कापडाची भली मोठी पिशवी, पण खाली ठेवायला तयार नाही.

"तुमच्याबद्दल कायबाय ऐकलंय, बाई. आधी शिवलेलं एखादं दाखवा. मंगच कापड देते."

शांताबाईंनी घरभर नजर फिरवली. नव्या मशीनवर अजून एकही ब्लाउज पुरं झालेलं नव्हतं. शिवून झालेलं ब्लाउज त्या घरात एकच होतं, माझ्या अंगावर.

मी हळूच चष्मा काढून पदराखाली धरला आणि खांदा पुढं केला.

"हे बघा की! शिलाई दिसतच न्हाई."

बाई जवळ आल्या. डोळे बारीक केले. मान मागं नेली. मग एक पाऊल मागं सरकल्या, अजून एक, पार उंबरठ्याला टेकल्या.

"अगं माय! खरंच की वं, दिसतच न्हाई!"

आणि पिशवी खाली ठेवली.