तांबेऱ्याचं पान

माझ्यावर सगळ्यात जास्त उपकार कुणाचे, असं कुणी विचारलं तर मी बाईंचं नाव घेईन, आणि त्याबद्दल माझे आईवडीलही रागावणार नाहीत. बाई म्हणजे परभणीतल्या एका छापखान्यातल्या चित्रकार. मालकापासून चहावाल्यापर्यंत सगळे त्यांना नुसतं बाईच म्हणत. कामाच्या पहिल्या दिवशी मी माझं चित्र त्यांच्यापुढे ठेवलं, तर त्यांनी ते पाहिलंच नाही. कागद पलटी केला.

"आधी पाठ बघू दे."

तुम्हालाही हे नवल वाटेल. पण आम्ही अल्कोहोलच्या शाईचे मार्कर वापरतो आणि ही शाई कागदातून मागे झिरपते. हात सरळ चालला तर मागे फिका डाग पडतो, पेन जिथे थबकलं तिथे गडद. बाईंनी एका गडद ठिपक्यावर बोट ठेवलं.

"हितं भिलास."

खरंच भ्यालो होतो. पानाचा देठ होता तो.

छापखान्यात शेतकऱ्यांसाठी पिकांच्या रोगांच्या पुस्तिका निघायच्या. माणूस शेतातलं रोगट पान चित्राशेजारी धरून बघणार, म्हणजे रंग चुकला की औषधही चुकणार. मी पेडगावचा, सोयाबीनच्या ओळींमधल्या तासात खेळून वाढलेला. तरी सोयाबीनचं पान मला पहिल्यांदा बाईंनी दाखवलं. त्यांच्या डब्यात भाकरीच्या खाली एक पान असायचंच. जेवताना ते समोर ठेवायच्या.

"घाईनं बघितलेलं पान हातात उतरत न्हाई. खा, अन् बघ."

मार्करच्या शाईला दारूसारखा वास. तो बाईंच्या पदरालाही लागायचा. एकदा आम्ही रिक्षातून चाललो होतो. शेजारी बसलेली म्हातारी नाक मुरडून बाजूला सरकली आणि म्हणाली, "आक्का, सकाळी सकाळीच?"

बाईंनी पिशवी उघडून पेनांची पेटी दाखवली. "मी कोरडी हाय वो. ही पेनं प्यालीत."

रिक्षावाला हसता हसता गल्ली चुकला.

बाईंचा एकच कडक नियम होता. एका वेळी एकच पेन उघडायचं. एकाचं टोपण बसवल्याशिवाय दुसऱ्याला हात लावायचा नाही. रंगाचा नंबर फक्त टोपणावर असतो आणि बाई तो नंबर बघूनच पेन उचलायच्या. मी घाईत असलो की दोन-दोन पेनं उघडून बसायचो. "काय करायलास?" एवढंच त्या म्हणायच्या. मी तेवढ्यापुरतं टोपण लावायचो.

गेल्या वर्षी सोयाबीनच्या तांबेऱ्याचं पान काढायचं होतं. या रोगात पानावर तांबूस-तपकिरी ठिपके पडतात. दुपारी आभाळ भरून आलेलं, त्यात वीज गेलेली. बाई खिडकीशी बसून भराभर ठिपके देत होत्या. ओली शाई गडदच दिसते, खरा रंग वाळल्यावर कळतो. वीज आली तेव्हा मालक टेबलाशी उभे होते.

"बाई, तांबेरा असा वांग्यावानी असतो काय?"

पानभर जांभळे ठिपके होते. बाईंनी कागद जवळ धरला, लांब धरला. हातातल्या पेनाचं टोपण पाहिलं. नंबर बरोबर होता.

"डोळे दाखवून घ्या एकदा," मालक म्हणाले. रागाने नाही, पण सगळ्यांसमोर म्हणाले.

सकाळी तांबूस आणि जांभळं, दोन्ही पेनं मीच एकदम उघडली होती. मी तोंड उघडलं आणि मिटलं. मी तीन महिन्यांच्या बोलीवर होतो. आमच्या घरातला पहिला पदवीधर. आईवडील ऊसतोडीला गेले होते आणि तिथल्या फडात सांगत होते की आमचं पोरगं खुर्चीत बसून काम करतं.

त्या महिन्याच्या शेवटी बाई काम सोडून चारठाण्याला भावाकडे गेल्या. जाताना पेनांची पेटी माझ्या हातात दिली. "माझ्या नजरेचा आता भरवसा न्हाई, पोरा. तू संभाळ."

मी संभाळली. कामावर कायमही झालो. परवा त्यांच्या भाच्याचा फोन लागला. तो म्हणाला, "आत्या आता साधी रांगोळीबी काढत न्हाई. रंग कळत न्हाईत म्हणती."

त्याच दिवशी मी पत्र लिहिलं. बाईंना वाचायला सोपं जावं म्हणून जाड काळ्या मार्करने, मोठ्या अक्षरांत.

आदरणीय बाई,
साष्टांग नमस्कार.
तांबेऱ्याच्या दिवशी टोपणांची अदलाबदल माझ्याकडून झाली होती. तुम्ही नंबर बरोबर बघितला, आत पेन दुसरं होतं. संध्याकाळी मी टोपणं गुपचूप जागेवर लावली आणि गप्प बसलो. आज मालकांना सांगितलं. ते म्हणाले, "हे आधी बाईंना सांगायचं होतं." ते खरं आहे. माझ्यावर रागवा, बोलू नका, जे वाटेल ते करा.
पेटी सोबत पाठवतो आहे. एकेका पेनाची रेघ ओढून नंबर तपासले आहेत. तुम्हीही एकदा ओढून बघा.
तुमचे डोळे चुकले नव्हते, बाई.