साडूची सही

पाचवा फर्मा मी चुकवला, हे आधी कबूल करतो.

पुस्तकाची सोळा पानं एकाच मोठ्या कागदावर छापून येतात. तो कागद घडी घालून झाला की आम्ही बाइंडर त्याला फर्मा म्हणतो. फर्म्याच्या पायाशी बारीक आकडा असतो. बाइंडरनं आकडा बघायचा, मजकूर नाही. वाचत बसला की हात थांबतो. हा नियम मी आयुष्यभर पाळला. त्या दिवशी टेबलावर दोन पुस्तकं होती, एक घड्याळदुरुस्तीचं आणि दुसरं येशूच्या चरित्राचं. आकार एक, कागद एक. मी इमानदारीत पाच नंबरचा गठ्ठा उचलला आणि तीनशे घड्याळदुरुस्त्यांच्या पोटात येशूची सोळा पानं शिवून टाकली.

फोरमननं एक प्रत उघडली, माझ्याकडे बघितलं, परत प्रतीकडे बघितलं. "स्प्रिंग कशी बसवायची ते यात कुठे आहे?" त्यानं विचारलं. मग सगळा ढीग माझ्या साडूपुढे लोटला. "तू उसव. याच्या हातात दिलं तर हा पंचांगसुद्धा शिवेल आत."

माझा साडू म्हणजे माझ्या बायकोच्या धाकट्या बहिणीचा नवरा. माझ्याच शिफारशीनं कारखान्यात लागलेला. सगळे त्याला तोफ म्हणत. चहा गार आला, धडाड. सुई बोथट निघाली, धडाड. त्यानं माझा बाप, आजा, पणजा असे सगळे उद्धारले. सासरा दोघांचा एकच, म्हणून तेवढा सोडला.

खरं सांगतो, अशा साडूसारखं सुख नाही. तो सासुरवाडीला जाऊन भांडायचा, दार आपटायचा, आणि मी काहीही न करता उत्तम जावई ठरायचो. अकरा वर्षं तिथली एकुलती हातांची खुर्ची माझी होती. सासूबाई म्हणायच्या, "थोरले जावई म्हणजे देवमाणूस." मी मान खाली घालून चहात साखर ढवळायचो.

तर उसवणं सुरू झालं. दोरा कापायचा, चुकीचा फर्मा ओढायचा, बरोबर घालायचा, परत शिवायचं. तीनशे वेळा तीच सोळा पानं डोळ्यांखालून जाणार, माणूस किती दिवस नुसता आकडा बघेल? दुसऱ्या दिवशी दुपारी शिव्या थांबल्या. मला वाटलं, आवाज बसला. तिसऱ्या दिवशी तो माझ्या टेबलाशी आला.

"पुढे काय होतं रे?"

"कशाचं?"

"होडीत पाणी शिरलंय, हा बाबा उशीला डोकं टेकून झोपलाय, बाकीचे त्याला हलवताहेत, आणि फर्मा संपतो. सहावा कुठे आहे?"

मी म्हणालो, "मला काय माहीत, मी आकडा बघतो." पण कटकट नको म्हणून रद्दीतून सहावा काढून दिला. मीच. याच हातांनी.

सहा महिन्यांत त्यानं बाप्तिस्मा घेतला. घेईना का, माणसानं काहीही घ्यावं. पण तो एका रविवारी सासुरवाडीला गेला, सासूबाईंपुढे उभा राहिला, म्हणाला, "आई, मी तुम्हाला फार बोललो. चुकलं माझं." आणि आपटून आपटून सैल केलेल्या दाराच्या बिजागऱ्या स्वतः बदलल्या. सासऱ्यांना लकवा होता. त्यांचे पाय धुऊन नखंही कापली.

पुढच्या वेळी मी गेलो, तर हातांच्या खुर्चीत तोफ.

"आई," मी सहज म्हटलं, "आमच्याकडेही लक्ष असू द्या."

"तुम्ही पहिल्यापासूनच चांगले," सासूबाई म्हणाल्या. "त्यात काय विशेष?"

हा न्याय आहे? मी घरी येऊन चार दिवस राग सोडून बघितला, कुणाच्या लक्षातच आलं नाही. मग सासूबाईंची माफी मागायला गेलो. "कशाबद्दल?" त्यांनी विचारलं. मला एकही गोष्ट आठवेना. बायको हसून हसून बेजार. "तुम्हाला सवत आली हो," म्हणाली, "आणि ती आमच्या भावजींच्या रूपात!"

सवत बरी. सवतीला निदान नावं ठेवता येतात. याला ठेवू गेलो तर हा म्हणायचा, "खरं आहे तुझं." भांडणात इतका नालायक माणूस मी दुसरा पाहिला नाही.

मग राज्य बदललं. नव्या मंडळींचं फर्मान निघालं: ज्यांनी ज्यांनी तो धर्म घेतला, त्यांनी तो सोडल्याचं छापील कागदावर सही करून द्यावं. ते कागद शंभर-शंभरच्या गठ्ठ्यांत बांधायला आमच्याच कारखान्यात आले. साडूनं कडेला खळ लावली, इतकी एकसारखी की फोरमननं वाहवा केली. काम संपल्यावर तो हात धुऊन म्हणाला, "गठ्ठे चांगले झालेत. मी सही करणार नाही." बऱ्याच जणांनी केली, त्यानं केली नाही. उलट बेकरीच्या मागच्या खोलीत लोकांना येशूचं चरित्र वाचून दाखवत राहिला. एका दुपारी त्याला नेलं.

शनिवारी सकाळी तुरुंगाच्या मागच्या भिंतीशी त्याला गोळ्या घातल्या. हे आत्ताच सांगून टाकतो, नंतर माझ्याच्यानं व्हायचं नाही. पुरताना सासूबाई अशा रडल्या की मनात आलं, माझ्यासाठी एवढं रडतील का? अशा जागी असा विचार! लाज वाटली, पण तो काही गेला नाही.

त्याआधी गुरुवारी मी त्याला भेटलो. मेहुणी माझ्या दारात बसून राहिली होती. "भावजी, तुमचं ऐकतील ते. एक सही केली तर सोडणार आहेत." मी कागद घेऊन गेलो. दारावरच्या पहारेकऱ्यानं विचारलं, "तुमचे साडू का? नशीबवान आहात." तिथेही तेच!

आत तो भिंतीला टेकून बसला होता. दाढी वाढलेली, एक डोळा सुजलेला. मला बघून सरकला, बसायला जागा केली. मी कागद पुढे धरला, पेनाचं टोपण काढून दिलं. मेहुणीचं सांगितलं, सासऱ्यांचं सांगितलं, देव कागद वाचत बसत नाही हेही सांगितलं. त्याचे डोळे भरले. पण पेन काही घेईना.

मला तो जिवंत हवा होता, आईशप्पथ. पण पोटात आणखी एक होतं: यानं सही करावी, थोडं वाकावं, आणि घरी येऊन माझ्या बरोबरीनं साध्या खुर्चीत बसावं. ते त्याला दिसलं असणार. बाइंडरची नजर, एक पान वरखाली असलं तरी कळतं.

शेवटी मी चिडलो. "अरे, एक सही ती काय! माझ्याकडे मागितली असती तर मी दहा केल्या असत्या!"

साडू म्हणाला, "म्हणूनच तुझ्याकडे कुणी मागत नाही."